लिलाव संगणकावर आला, पण संगणकाची किल्ली कुणाकडे? युरोपातल्या ‘ओपन सोर्स’ निर्णयांतून अमरगोळच्या यार्डाने काय घ्यावं

अमरगोळ (हुबळी-धारवाड) : हुबळी आणि धारवाडच्या मध्ये, पुणे-बेंगळूर रस्त्यालगत अमरगोळ लागतं. चिगरी बसने जाणाऱ्याला ते बाजार समितीच्या यार्डामुळे माहीत असतं. कापूस, मिरची, मूग, शेंगा, मका असा आसपासच्या तालुक्यांतला माल इथे येतो. या यार्डाच्या नावावर एक नोंद आहे, जी फारशी कुणाच्या लक्षात राहिलेली नाही. १ मे २०२० रोजी, ऐन लॉकडाऊनमध्ये, तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांच्यासमोर दोन ऑनलाइन सौद्यांचं प्रात्यक्षिक झालं. एक आंध्रातल्या कर्नूलच्या शेंगांचा आणि दुसरा हुबळी बाजाराच्या मक्याचा. केंद्राचं ‘ई-नाम’ आणि कर्नाटकाचं ‘युनिफाइड मार्केट प्लॅटफॉर्म’ या दोन वेगळ्या संगणक प्रणाली त्या दिवशी पहिल्यांदाच एकमेकींशी बोलल्या.

त्या दिवशी बातमी झाली ती मका-शेंगांची. पण त्यामागचा प्रश्न मोठा होता. दोन सरकारी प्रणाली आधीपासून एकमेकींशी का बोलत नव्हत्या? शेतकऱ्याचा माल, व्यापाऱ्याची बोली, समितीचा हिशेब, सगळं ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्याची किल्ली कुणाकडे असते? कंपनी बदलली, करार संपला, दर वाढले तर काय?

नेमके हेच प्रश्न गेली काही वर्षं युरोपातली सरकारं विचारत आहेत. जर्मनी, फ्रान्स, डेन्मार्क, ऑस्ट्रिया इथल्या सरकारी कचेऱ्या एकेक करून मोठ्या अमेरिकन कंपन्यांचं सॉफ्टवेअर बाजूला ठेवून ‘ओपन सोर्स’ सॉफ्टवेअरकडे वळताहेत. तिकडे काय चाललंय, ते का चाललंय आणि त्याचा बेळगाव, हुबळी, कोल्हापूर, सांगलीच्या माणसाशी काय संबंध, ते समजून घेऊ.

यार्डात नेमकं काय बदललं?

पूर्वी शेतमालाचा भाव ठरायचा तो तोंडी बोलीने, चिठ्ठ्यांनी, नाहीतर कापडाखाली बोटं दाबून. कर्नाटकाने २०१३ मध्ये नवं कृषी पणन धोरण आणलं आणि २०१४ पासून बाजार समित्या एका संगणक प्रणालीला जोडायला सुरुवात केली. त्यासाठी ‘राष्ट्रीय ई-मार्केट सर्व्हिसेस’ ही कंपनी उभी राहिली. तिच्यात राज्य सरकार आणि एनसीडीईएक्स स्पॉट एक्सचेंज यांची निम्मी-निम्मी भागीदारी. पुढे राज्यातल्या दीडशेहून अधिक बाजार समित्या या प्रणालीत आल्या.

पद्धत साधारण अशी. गाडी गेटवर आली की मालाची नोंद होते, लॉट नंबर मिळतो. माल दलालाच्या दुकानापुढे उतरतो. व्यापारी ढीग बघून जातात आणि ठरलेल्या वेळेत संगणकावर किंवा मोबाइलवर आपला भाव टाकतात. कुणी किती टाकला हे दुसऱ्याला दिसत नाही. वेळ संपली की सर्वांत वरचा भाव जाहीर होतो. शेतकऱ्याला पटला तर वजन, नाही पटला तर माल ठेवायचा.

केंद्राने १४ एप्रिल २०१६ रोजी याच धर्तीवर ‘ई-नाम’ सुरू केलं. महाराष्ट्रातल्या शंभरहून अधिक बाजार समित्या त्यात आहेत. म्हणजे सीमेच्या अलीकडे एक प्रणाली आणि पलीकडे दुसरी. निपाणीचा शेतकरी आणि कागलचा व्यापारी यांच्यात अंतर थोडकं, पण संगणकावर मात्र दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसलेले. २०२०च्या त्या प्रात्यक्षिकाचं महत्त्व इथे आहे. माहिती कुठल्या साच्यात द्यायची हे दोन्ही प्रणालींनी आपसांत ठरवलं आणि मधल्या भिंतीत दार उघडलं. कर्नाटकातला शेतकरी ई-नामवरच्या व्यापाऱ्याला आणि बाहेरचा शेतकरी कर्नाटकातल्या व्यापाऱ्याला माल विकू शकेल, अशी ती कल्पना.

ओपन सोर्स म्हणजे काय?

धारवाडचा पेढा सगळ्यांना माहीत आहे. पैसे दिले की पेढा मिळतो, पण कृती मिळत नाही. ती दुकानदाराच्या घरात राहते. उद्या त्याने भाव वाढवला किंवा दुकान बंद केलं तर तुम्ही तसाच पेढा करू शकत नाही. बहुतेक विकतचं सॉफ्टवेअर असंच असतं. तुम्ही वापरण्याचा परवाना घेता. आतला मजकूर, म्हणजे ज्याला ‘सोर्स कोड’ म्हणतात, तो कंपनीकडेच राहतो.

ओपन सोर्स म्हणजे ज्वारीच्या भाकरीसारखं. कृती सगळ्यांसमोर. कुणीही करावी, आपल्या चवीप्रमाणे बदलावी, शेजाऱ्याला शिकवावी, विकायची तर विकावीसुद्धा. लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली, फायरफॉक्स हा ब्राउझर, थंडरबर्ड हे ईमेलचं सॉफ्टवेअर, लिबर ऑफिस हे पत्रं आणि तक्ते करण्याचं सॉफ्टवेअर, ही त्याची नेहमीची उदाहरणं.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. ओपन सोर्स म्हणजे फुकट, असं लोक धरून चालतात. परवान्याचे पैसे बहुधा लागत नाहीत हे खरं. पण बसवायला, शिकवायला, दुरुस्त करायला माणसं लागतात आणि माणसांना पगार लागतो. फरक एवढाच, की ते काम करून देणारा एकच दुकानदार नसतो. एकाने नीट केलं नाही तर दुसऱ्याला बोलावता येतं. आणि तो दुसरा हुबळीतला किंवा बेळगावातला असू शकतो.

युरोपात काय झालं?

जर्मनीच्या उत्तर टोकाला श्लेस्विग-होल्स्टाइन नावाचं राज्य आहे. लोकसंख्या साधारण तीस लाख, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. या राज्याने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं, की सरकारी कचेऱ्यांतल्या सुमारे ३०,००० संगणकांवरून मायक्रोसॉफ्ट ऑफिस काढून लिबर ऑफिस आणायचं आणि पुढे विंडोजच्या जागी लिनक्स. ऑक्टोबर २०२५ पर्यंत त्यांनी ईमेलची सगळी व्यवस्था बदलली. ४०,००० हून अधिक मेलबॉक्स आणि १० कोटींहून अधिक ईमेल व कॅलेंडरच्या नोंदी नव्या ठिकाणी गेल्या. काम सुरळीत झालं असं नाही. कर्मचाऱ्यांच्या तक्रारी झाल्या, वर्तमानपत्रांत टीका आली. पण राज्याने माघार घेतली नाही. परवान्यांपोटी जाणारे वर्षाला सुमारे दीड कोटी युरो वाचतील, असा त्यांचा हिशेब आहे.

फ्रान्सची गोष्ट याहून जुनी. तिथल्या ‘जांदार्मरी’ या निमलष्करी पोलीस दलाने २००५ मध्ये आधी फक्त ऑफिसचं सॉफ्टवेअर बदललं. मग ब्राउझर आणि ईमेल बदलला. शिपायांना या नव्या गोष्टींची सवय झाल्यावर २००८ पासून संगणकाची मूळ प्रणालीच बदलून लिनक्स आणली. रोजचं काम ज्या खिडक्यांत चालायचं त्या खिडक्या तशाच राहिल्या, त्यामुळे आरडाओरडा कमी झाला. आज या दलाचे जवळपास सगळे, म्हणजे सुमारे एक लाख संगणक लिनक्सवर चालतात.

डेन्मार्कच्या डिजिटल मंत्रालयाने जून २०२५ मध्ये आपण लिबर ऑफिसकडे जात असल्याचं सांगितलं. त्याच महिन्यात फ्रान्समधल्या लियों शहराच्या पालिकेनेही तसाच निर्णय जाहीर केला. ऑस्ट्रियाच्या लष्कराने आपल्या सुमारे १६,००० संगणकांवर लिबर ऑफिस आणलं.

हे सगळं पैशासाठी का?

सुरुवातीला पैशासाठीच होतं. आता नाही. आता भीती आहे ती नळ बंद होण्याची.

नेदरलँड्समधल्या हेग शहरात आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने या न्यायालयाचे मुख्य अभियोक्ता करीम खान यांच्यावर निर्बंध घातले. त्यांचा मायक्रोसॉफ्टवरचा ईमेल बंद झाल्याची बातमी मे महिन्यात आली. आपण न्यायालयाची सेवा कधी थांबवली नाही, असं कंपनीने सांगितलं. वाद काहीही असो, युरोपातल्या प्रत्येक मंत्रालयात एकच प्रश्न गेला : उद्या आपल्यावर ही पाळी आली तर? त्याच वर्षी हे न्यायालय जर्मनीत तयार झालेल्या ‘ओपनडेस्क’ या ओपन सोर्स संचाकडे जात असल्याची बातमी आली.

जून २०२५ मध्ये फ्रान्सच्या सिनेटसमोर मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या अधिकाऱ्याला शपथेवर विचारलं गेलं, की फ्रेंच नागरिकांची माहिती फ्रेंच सरकारच्या परवानगीशिवाय अमेरिकी सरकारला दिली जाणार नाही, याची हमी द्याल का? उत्तर आलं, अशी हमी देता येणार नाही. कारण अमेरिकेत २०१८ पासून असा कायदा आहे, की अमेरिकी कंपनीकडची माहिती जगात कुठेही ठेवलेली असली तरी तिथल्या न्यायालयाच्या आदेशाने ती मागवता येते.

हे लांबचं वाटत असेल तर जवळचं उदाहरण आहे. गुजरातमध्ये वाडीनारला नायरा एनर्जीचा तेल शुद्धीकरण कारखाना आहे. या कंपनीत रशियाच्या रोसनेफ्टची ४९ टक्क्यांहून थोडी जास्त भागीदारी. युरोपीय संघाने जुलै २०२५ मध्ये नायरावर निर्बंध घातले. त्यानंतर काही दिवसांतच नायराचे ईमेल आणि टीम्स बंद पडले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. आठवडाभराने सेवा परत सुरू झाली. निर्बंध युरोपाचे, सॉफ्टवेअर कंपनी अमेरिकेची आणि काम अडलं ते गुजरातेत, भारताच्या कुठल्याही कायद्याचा भंग न करता. पैसे भरलेले असले, परवाना चालू असला तरी किल्ली दुसऱ्याकडे असली की काय होतं, ते इथे दिसलं.

म्युनिकची गोष्ट : उलटी बाजूही बघावी

ओपन सोर्सचं गुणगान करणारे एक शहर मात्र आठवणीतून गाळतात. म्युनिक. या शहराच्या पालिकेने २००३ मध्येच विंडोज सोडून लिनक्स घ्यायचं ठरवलं. तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर स्वतः महापौरांना भेटायला आले होते. तरी पालिका बधली नाही. दहा वर्षं खपून सुमारे १५,००० संगणक बदलले. जगभर वाहवा झाली.

आणि २०१७ मध्ये त्याच पालिकेने परत विंडोजकडे जायचं ठरवलं.

काय बिघडलं? पालिकेचा संगणक विभाग अनेक तुकड्यांत विखुरलेला होता. तक्रार कुठे करायची आणि दुरुस्त कोण करणार, याचा मेळ नव्हता. बाकी जर्मनी जुन्याच सॉफ्टवेअरवर असल्याने बाहेरून आलेली कागदपत्रं नीट उघडत नसत. मधल्या काळात महापौर बदलले, नव्यांची इच्छा वेगळी होती. मग २०२० मध्ये पुन्हा सत्ता बदलली आणि नव्या आघाडीने, जिथे जमेल तिथे ओपन सोर्सच, असं करारात लिहिलं.

म्युनिकवरून दोन गोष्टी कळतात. एक, कोड उघडा असून भागत नाही. तो सांभाळणारी माणसं घरची हवीत आणि त्यांच्यामागे सत्तेचं पाठबळ हवं. दुसरी, एकट्याने करून भागत नाही. आपण देतो ती फाइल समोरच्याला उघडता आली पाहिजे. म्हणून युरोपीय संघाने २०२४ मध्ये एक वेगळा कायदाच आणला. वेगवेगळ्या देशांच्या सरकारी प्रणालींना एकमेकींशी बोलता यावं, हा त्याचा हेतू. अमरगोळच्या मक्याने २०२० मध्ये जे एका दिवसासाठी दाखवलं, ते कायमचं करण्याचा हा प्रयत्न म्हणता येईल.

फाँटची डोकेदुखी आठवते का?

फाइल न उघडण्याचं दुखणं मराठी आणि कन्नड माणसाला नवीन नाही. वीस वर्षांपूर्वीच्या छापखान्यात, वर्तमानपत्रात किंवा तहसील कचेरीत ज्यांनी टायपिंग केलं, त्यांना ते पाठ आहे. एका कंपनीच्या फाँटमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्या संगणकावर उघडलं की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसायची. मजकूर आपला, भाषा आपली, पण वाचायला त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर हवं. कन्नडमध्येही तेच, प्रत्येक सॉफ्टवेअरचा आपापला संकेत.

यातून सुटका झाली ती युनिकोडमुळे. युनिकोड हे कुठलं सॉफ्टवेअर नाही, तो सगळ्यांसाठी उघडा असलेला ठराव आहे : ‘क’ला हा आकडा, ‘ख’ला तो. त्यामुळे आज हुबळीत मोबाइलवर लिहिलेलं मराठी पुण्यात, मस्कतमध्ये किंवा लंडनमध्ये तसंच दिसतं. यालाच ‘खुली मानकं’ म्हणतात. ओपन सोर्सचं हे सख्खं भावंड. जुन्या फाँटमध्ये अडकलेली कागदपत्रं मात्र अजूनही कित्येक संस्थांच्या कपाटांत आहेत. ती बदलून घ्यायला आज पैसे आणि वेळ दोन्ही मोजावं लागतं. बंद साच्यात माहिती ठेवण्याची खरी किंमत ही अशी उशिरा कळते.

भाषेचा आणखी एक फायदा आहे. लिबर ऑफिस मराठीत आहे, कन्नडमध्ये आहे, कोकणीतही आहे. या भाषांत ते आणायला कुणा कंपनीची परवानगी घ्यावी लागली नाही. कोड उघडा असल्याने भाषांतर करणारे बसले आणि करून मोकळे झाले. बंद सॉफ्टवेअरमध्ये आपल्या भाषेला जागा मिळायची की नाही, हे कंपनीच्या नफ्यावर ठरतं. सीमाभागात जिथे एकाच यार्डात कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारे शेतकरी-दलाल वावरतात, तिथे बिल किंवा एसएमएस कुठल्या भाषेत द्यायचा हा निर्णय सरकारचाच. पण सरकारने हो म्हटल्यावर सॉफ्टवेअर आडवं येऊ नये, एवढं तरी उघड्या कोडमुळे साधतं.

भारतात धोरण आहे का?

आहे. मार्च २०१५ मध्ये केंद्र सरकारने ओपन सोर्सबाबत धोरण जाहीर केलं. नवी प्रणाली घेताना निविदेत ओपन सोर्सचा विचार करणं सक्तीचं केलं. ते न घेतल्यास कारण द्यावं लागतं. केंद्राच्या कचेऱ्यांना हे लागू आहे, राज्यांना मात्र ते स्वीकारायचं की नाही याची मोकळीक. खुल्या मानकांचं धोरण तर २०१० पासून आहे.

राज्यांत सर्वांत पुढे केरळ. तिथल्या शाळांचा संगणक कार्यक्रम २००१ मध्ये सुरू झाला आणि काही वर्षांत पूर्णपणे लिनक्सवर गेला. दोन लाखांहून अधिक शालेय संगणकांवर मुलं आणि शिक्षक तेच वापरतात. त्यामुळे परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतात, असा हिशेब तिथल्या ‘काईट’ या सरकारी संस्थेने २०१९ मध्ये मांडला. आकड्यावर कुणी वाद घालेल. पण हजारो शिक्षक स्वतः संगणक दुरुस्त करायला शिकले, याला तोड नाही. म्युनिकला जी घरची माणसं मिळाली नाहीत, ती केरळने शाळाशाळांत तयार केली.

संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये ‘माया’ नावाची लिनक्सवर आधारलेली प्रणाली आणायला सुरुवात केली. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय भाषांतली लिनक्स प्रणाली तर २००७ पासून आहे.

अलीकडे चर्चा आहे ती झोहोची. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर गेले. पत्ते सरकारी डोमेनचेच राहिले. हे स्वदेशी आहे हे नक्की. पण स्वदेशी आणि ओपन सोर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोहोचा कोड कंपनीकडेच असतो. परदेशी निर्बंधांची भीती त्याने कमी होते, पण एकाच दुकानदारावर अवलंबून राहण्याचा प्रश्न उरतो. दुकान आपल्या गावचं आहे म्हणून पेढ्याची कृती आपल्याला मिळत नाही.

ओपन सोर्सने काय होणार नाही?

हेही सांगायला हवं. ओपन सोर्स आलं म्हणून मिरचीला भाव चढणार नाही. व्यापाऱ्यांनी आपसांत ठरवून कमी बोली लावली तर ती कुठलंही सॉफ्टवेअर थांबवू शकत नाही. फार तर बोलींच्या नोंदी तपासून संशयाची जागा दाखवता येते, तीही नोंदी बघायला मिळाल्या तर.

‘सर्व्हर डाऊन’ ही पाटीही त्याने आपोआप जाणार नाही. २०२५च्या सुरुवातीला कर्नाटकातली ‘कावेरी २.०’ ही दस्त नोंदणीची प्रणाली कित्येक दिवस धडपणे चालत नव्हती. खरेदीखतासाठी आलेले लोक उपनिबंधक कचेऱ्यांतून परत जात होते. बाहेरून मुद्दाम बनावट विनंत्यांचा मारा झाल्याचं नंतर सरकारने सांगितलं. असा मारा उघड्या आणि बंद, दोन्ही प्रकारच्या प्रणालींवर होऊ शकतो. त्यासाठी पहारा लागतो, तयारी लागते.

जुन्या संगणकांपुरता मात्र एक थेट फायदा आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा सेवा संपली. बरेच जुने संगणक पुढच्या आवृत्तीत बसत नाहीत. सरकारी कचेऱ्यांत, पतसंस्थांत, शाळांत असे संगणक भरपूर. ते भंगारात न घालता लिनक्स टाकून आणखी काही वर्षं चालवता येतात.

मग विचारायचं काय?

अमरगोळचं यार्ड असो, कोल्हापूरची बाजार समिती असो की एखादी ग्रामपंचायत, प्रणाली ओपन सोर्स आहे की नाही एवढं विचारून थांबू नये. युरोपच्या वीस वर्षांच्या अनुभवातून नेमके पाच प्रश्न निघतात.

पहिला, माहिती कुणाच्या मालकीची? गेटवरच्या नोंदी, बोली, भाव, वजनं, शेतकऱ्यांचे फोन नंबर, हे समितीचं आहे की प्रणाली चालवणाऱ्याचं, हे करारात लिहिलेलं हवं.

दुसरा, करार संपल्यावर काय? सगळी माहिती, दुसऱ्या कुठल्याही प्रणालीत उघडेल अशा साच्यात, ठरलेल्या मुदतीत परत मिळणार का?

तिसरा, कोड कुणाचा? सरकारच्या पैशाने खास तयार करून घेतलेला कोड सरकारकडे राहतो का? युरोपात २०१७ पासून यावर मोहीम चालू आहे. तिचं म्हणणं साधं आहे : पैसा जनतेचा तर कोडही जनतेचा.

चौथा, दुरुस्त कोण करणार? एकच कंपनी की आणखी कुणी करू शकेल? समितीतल्या किती माणसांना ते काम येतं?

पाचवा, शेजारच्या प्रणालीशी बोलता येतं का? सीमाभागासाठी हा सर्वांत जवळचा प्रश्न. एकाच कुटुंबाची जमीन दोन राज्यांत असते. कर्नाटकात पहाणी उतारा, महाराष्ट्रात सातबारा, गोव्यात फॉर्म १ आणि १४. तिन्ही राज्यांच्या प्रणाली आपापल्या जागी चालतात. माणूस मात्र झेरॉक्सची थप्पी घेऊन एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरतो.

हे प्रश्न विचारायला संगणक येण्याची गरज नाही. बाजार समितीत निवडून आलेला सदस्य बैठकीत विचारू शकतो. सामान्य शेतकऱ्याला माहिती अधिकाराचा अर्ज करून कराराची प्रत मागता येते. व्यापारी गुपिताचं कारण देऊन काही पानं नाकारली जातील. तसं झालं तर अपील आहे. पण माहिती कुणाची आणि करार संपल्यावर ती परत कशी मिळणार, या दोन कलमांत गुपित असं काही नसतं.

श्लेस्विग-होल्स्टाइनने हे प्रश्न ईमेल आणि पत्रव्यवहारासाठी विचारले. अमरगोळच्या यार्डात त्याच प्रश्नांवर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचा हिशेब अवलंबून आहे. करार नव्याने होण्याची वेळ आली, की ते विचारण्याची संधी येते. एकदा सही झाली, की पुढची काही वर्षं गेली.